बिराजदार मॅडमची चांदी

बिराजदार मॅडम स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून चांदी घेऊन एसटीनं कोल्हापूरला निघाल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होतो. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात मी नुकताच तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला लागलो होतो आणि मॅडम विभागप्रमुख होत्या. मांडीवरचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता की सांगोल्याच्या स्टँडवर कंडक्टरला राहवलं नाही.

"मावशी, काय हाय एवढं जपून न्यायलात?"

"चांदी," मॅडम म्हणाल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज.

सगळी गाडी वळून बघायला लागली. कंडक्टर कानाशी वाकून म्हणाला, "अहो, हळू बोला की जरा!" मॅडमनी डबा उघडूनच दाखवला. आत कापसात गुंडाळलेल्या चार छोट्या बाटल्या होत्या, आणि बाटल्यांत तांबूस पिवळं पाणी. सांगोल्याला चढलेली एक आजी पुढं वाकली.

"चांदी कुटं हाय हितं? ह्यो तर चा हाय. कुणी फसिवलं तुला, बाई?"

मला हसू आवरेना. मॅडम मात्र गंभीर झाल्या. त्यांना खरा विद्यार्थी सापडला की त्या अशाच गंभीर व्हायच्या.

"आजी, ज्वारीचा एक दाणा पाण्यात टाकला तर काय होतं?"

"काय हुतंय? बुडतंय."

"आणि त्याच दाण्याचं पीठ करून टाकलं तर?"

"पानी पांडरं हुतंय की समदं."

"तसंच आहे हे. चांदी तीच. पण इतकी बारीक केलीय, की तुमच्या पिठाचे कण तिच्यापुढं धोंडे वाटतील. म्हणून ती पाण्यात सगळीकडं पसरली आणि पाण्याचा रंग बदलला. एवढी बारीक झाली की ती जंतूच्या अंगाला जाऊन चिकटते."

"आन जंतू मरतोय?"

"काही मरतात. सगळे मरतात का, ते अजून बघायचंय."

ती चांदी करायला डाळिंबाच्या सालीचं उकळलेलं पाणी वापरतात, हे कळल्यावर आजीनं पिशवीतलं एक डाळिंब काढून मॅडमच्या हातात ठेवलं. दाणे तू खा आणि साल कामाला लाव, म्हणाली. मिरज येईपर्यंत दोघींची तोंडं बंद नव्हती. कोल्हापूरला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या चांदीचा फोटो निघाला. राखाडी कागदावर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. मॅडमनी तो फ्रेम करून विभागात सिद्धेश्वरांच्या तसबिरीशेजारी लावला. प्राचार्यांनी एकदा विचारलं, हे काय हो? मॅडम म्हणाल्या, "माझं बारसं झालेलं पहिलं पोर."

मॅडमच्या घरादाराविषयी मला फारसं ठाऊक नव्हतं. त्या वळसंगच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या, वडील शेतकरी, एवढंच. मराठी त्या स्वच्छ बोलायच्या, पण घाईगडबड दिसली की आतून कन्नड यायचं. "तडी, तडी," म्हणायच्या, म्हणजे थांब, थांब. हे "तडी" आम्ही दिवसातून पन्नासदा ऐकायचो. ब्यूरेटची तोटी जरा जास्त उघडली, तडी. निकाल बघायच्या आधी कुणी "झालं, मॅडम!" म्हणून ओरडलं, तडी. एकदा तर प्राचार्यांच्या भाषणात, ते कॉलेजच्या संशोधनाविषयी भलतंच सांगायला लागले तेव्हा, पहिल्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "तडी, तडी." प्राचार्यही थांबले.

इरकली सुती साडी, तिच्या पदरावर आम्लानं पडलेली बारीक भोकं, आणि चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. प्रयोगशाळेत अन्नाचा कण त्यांना चालायचा नाही. बरोबर बारा वाजता त्या बाहेर निंबाखाली जाऊन बसायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढायच्या, आणि जो दिसेल त्याच्या हातावर तुकडा ठेवायच्या. कुठलीही बाटली हुंगायची विद्यार्थ्यांना सक्त मनाई होती. स्वतः मॅडम मात्र कापड हातात आलं की आधी नाकाला लावायच्या. खळ किती आहे, धुतलंय की नाही, हे त्यांना वासावरून कळायचं. "तुम्ही हुंगता ते?" असं एका मुलीनं विचारलं, तर म्हणाल्या, "मी म्हातारी झाले. माझं नाक गेलं तरी चालेल."

दहा वर्षं त्या कापडावर चांदी बसवायचा प्रयत्न करत होत्या. स्टाफरूममध्ये त्यांना मागून "चांदीवाल्या बाई" म्हणायचे. कापड पुरवायचे यादगिरीशेठ. अक्कलकोट रस्त्याकडे त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना होता. तेलुगू विणकराचं घराणं, माणूस उमदा आणि उतावळा. घामाचा वास न येणारा टॉवेल बाजारात आणायचं त्यांचं स्वप्न होतं. मॅडम दर वर्षी सांगायच्या, अजून नाही, आणि शेठ दर वर्षी नवीन तागा पाठवायचे.

विभागात आणखी एक माणूस होता, काशीनाथमामा. प्रयोगशाळेचे परिचर. मॅडमच्या हाताखाली वीस वर्षं त्यांनी काचेची भांडी धुतली. त्यांनी धुतलेलं भांडं मॅडम पुन्हा विसळत नसत, आणि हा मान त्यांनी आम्हा कुणालाही दिला नव्हता. करोनाच्या पहिल्या लाटेत मामा गेले. बायको आजारी पडली, तिची सेवा मामांनी केली, तोंडाला घरातला रुमाल बांधून. ती वाचली. मामांना दवाखान्यात नेलं ते घरी आलेच नाहीत. आम्हाला कुणाला जाताही आलं नाही.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. "पास काढलाय मी. तुझं नाव घातलंय. उद्यापासून लॅबला ये."

मामांविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बंद कॉलेजात आम्ही दोघं लांब लांब उभे राहून काम करायचो. पहिल्याच दिवशी मी भांडी धुवायला घेतली तर त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "हे मी करीन," म्हणाल्या. पुढं वर्षभर सगळी भांडी त्यांनीच धुतली.

त्यांच्या मनातलं साधं होतं. चांदीचे हे कण जंतूंवर काम करतात हे त्यांनी पाहिलं होतं. काही विषाणूंवरही करतात, असं जगभर लोक लिहीत होते. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाला ते कण चिकटले तर तो माणसाच्या पेशीत शिरायचा राहतो. मग मास्कच्या कापडावरच कण बसवले तर? मास्कला हात लागतो, तो हात डोळ्याला लागतो. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईकडं रोज नवा मास्क कुठून येणार? ती तोच धुवून लावणार.

कापडाची विषाणूवरची चाचणी आमच्याकडे होणं शक्य नव्हतं. नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. महिन्याभरानं उत्तर आलं. कोऱ्या, न धुतलेल्या कापडावर विषाणू जवळजवळ टिकलाच नव्हता.

मी ओरडलोच. मॅडम म्हणाल्या, "तडी. धुतलेल्या कापडाचं यायचंय अजून."

पण यादगिरीशेठ थांबले नाहीत. त्यांचे माग कित्येक आठवडे बंद होते. कामगार रोज दारात येऊन, मुकाट्यानं बसून, परत जायचे. विड्या वळणाऱ्या बायकांचंही काम थांबलं होतं. शेठनी माग सुरू केले, आमच्याच रीतीनं कापड भिजवलं, त्या बायकांना मास्क शिवायला दिले आणि प्रत्येकाच्या कडेला एक सुबक लेबल शिवून घेतलं: "विषाणूनाशक. धुवा, पुन्हा वापरा." मॅडमना हे कळलं तेव्हा मास्कचे गठ्ठे तयार होते. एका पुढाऱ्यानं ते वस्तीवस्तीत वाटायचा कार्यक्रम ठरवला होता आणि दुपारी टेम्पो यायचा होता.

त्याच सकाळी पुण्याचा दुसरा अहवाल माझ्या फोनवर आला. पाच वेळा धुतलेल्या कापडात आणि साध्या कापडात काही फरक उरला नव्हता. मॅडमनी तो दोनदा वाचला. त्यांना धक्का बसल्यासारखं वाटलं नाही. "कापड धुतलेलं पाणी पिवळं येत होतं," म्हणाल्या. "चांदी निघून चाललीय हे दिसत होतं मला." मग उठल्या. "चल. गाडी काढ."

त्या माझ्या मागं बसल्या. वाटेत मी म्हणालो, "मॅडम, पहिल्या दोन धुण्यांपर्यंत तरी चालत असेल की. लेबलवर तसं लिहायला सांगू."

"कुणाच्या घरी मास्क कितीदा धुतला, हे तू मोजायला जाणार का?"

खरं सांगायचं तर मला त्या कामावर माझं नाव हवं होतं. कायम नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

कारखान्याच्या पत्र्याखाली दहा-बारा बायका अंतर ठेवून शिवत बसल्या होत्या. यादगिरीशेठ हसत पुढं आले. मॅडमनी अहवाल त्यांच्यापुढं धरला.

"शेठ, लेबलं काढा. धुतल्यावर हे कापड साधंच राहतंय."

शेठचं हसू गेलं. "मॅडम, काय बोलायलात तुम्ही? टेम्पो यायलाय. ही माणसं बघा. दोन महिन्यांनी माग वाजले माझे. आता बंद करू? मास्क तर मास्कच हाय की, नुकसान काय?"

"नुकसान लेबलाचं आहे. ते वाचून एखादी बाई आजारी नवऱ्याजवळ निर्धास्त बसेल. तिला वाटेल, आपल्या तोंडावर औषध बांधलंय." मॅडमनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझा काशीनाथ रुमाल बांधून गेला, शेठ. निदान रुमाल रुमालच आहे हे त्याला माहीत होतं."

मामा गेल्यापासून त्यांचं नाव मॅडमच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. शेठ जागचे हलले नाहीत. तेव्हा मॅडम सरळ खाली बसल्या, एका गठ्ठ्याची दोरी सोडली, शेजारच्या बाईची कात्री मागून घेतली आणि लेबलाची शिवण उसवायला लागल्या.

ती बाई, पद्माक्का तिचं नाव, बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमी शिवलेलं खोटं हाय का?"

"नाही गं. तुझी शिवण खरी आहे. तिपदरी सुती मास्क आहे, लोकांच्या उपयोगाचा आहे. खोटी आहे ती माझी चिठ्ठी."

पद्माक्कानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दुसरा गठ्ठा ओढला. मग तिच्या पलीकडची. थोड्या वेळानं यादगिरीशेठ आत गेले. मला वाटलं, रागावून गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दाढीच्या पात्यांची पाकिटं होती. एकेक पातं अर्धं मोडून, कागदात धरून त्यांनी सगळ्यांना वाटलं आणि स्वतः उकिडवे बसले. "कात्रीनं कापड फाटंल," एवढंच म्हणाले.

टेम्पो रिकामा परत गेला. पुढाऱ्याचा फोन आला, तो मॅडमनी घेतला, शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "साधे मास्क परवा मिळतील. फोटो काढा, पण भाषणात औषधाचं काही बोलू नका." त्यानं कार्यक्रमच रद्द केला. तीन दिवस आम्ही लेबलं उसवत होतो. मास्क शेवटी बायकांनी आपापल्या वस्तीत वाटले. शेठनी नंतर साध्या मास्कचंच काम धरलं, म्हणून निदान निम्मे माग चालू राहिले. पेपरात एका कोपऱ्यात बातमी आली, "प्राध्यापिकेचा प्रयोग फसला." मॅडमनी ती कापून विभागाच्या फळ्यावर टाचणीनं लावली. "बातमी बरोबर आहे," म्हणाल्या. "इतकी अचूक बातमी रोज येत नाही."

पण त्या दिवसांत त्यांचा घास कमी झाला होता. भाकरी निंबाखाली बसून त्या खारींना घालायच्या.

मार्ग सापडला तो गफूरचाचांमुळं. गफूरचाचा म्हणजे शेठच्या कारखान्यातले म्हातारे रंगारी. रंगाच्या हौदापाशी उभं आयुष्य गेलेलं, बोटं कायमची निळी. एकदा कारखान्यातच मॅडम कापड चांदीच्या पाण्यात भिजवून वाळवत होत्या आणि चाचा जरा लांबून मान हलवत होते.

"काय झालं, चाचा?"

"कुछ नै, मॅडम. तुम पढे-लिखे लोगां." मग न राहवून म्हणाले, "तुम चांदी बाहर बनाके कपडे पे चिपकारे. वो टिकती नै. हमारे अब्बा कपडे कू पैले हरडा पिलाते थे, फिर रंग देते थे. सूका कपडा रंग लेता, मगर रखता नै."

मॅडम जागच्या जागी थांबल्या. कापड त्यांच्या हातातून ठिबकत होतं.

"हरडा म्हणजे हिरडा?"

"वोइच."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, जणू चूक माझीच होती. हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं त्याच जातीचं द्रव्य डाळिंबाच्या सालीतही असतं, आणि त्याच्याच जोरावर आमची चांदी तयार होत होती. आम्ही ती बाटलीत तयार करून मग कापडावर चढवत होतो. आधी तुरट द्रव्य कापडाच्या धाग्यात मुरवलं आणि मग त्यावर चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी ओतलं, तर कण धाग्यातच जन्मतील. "दहा वर्षं," मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारून जात होते रे." पुढं आमचा लेख छापून आला तेव्हा गफूरचाचांचं नाव त्यांनी लेखकांत घातलं. एका परीक्षकानं विचारलं, ह्यांची पदवी काय? मॅडमनी उत्तर पाठवलं, "रंगारी."

नवीन कापड धुतलेलं पाणी स्वच्छ यायला लागलं. तरीही मॅडम ते गटारात ओतू देत नसत. कॅनमध्ये साठवायच्या. "उरलीसुरली चांदी नदीत गेली तर तिथले जंतू मरतील. ते बिचारे चांगले असतात," म्हणायच्या. पुण्याचा अहवाल या वेळी बरा आला. खूपदा धुवूनही परिणाम बराचसा टिकला होता. सगळा नाही. "बराचसा," हाच शब्द मॅडमनी सगळीकडं लिहिला, आणि कुणी तो गाळला की त्या तो पुन्हा घालायच्या.

तोवर साथ ओसरली होती. मास्क लोकांनी काढून फेकले होते. मी म्हणालो, "उशीर झाला, मॅडम." त्या माझ्यावर चिडल्या, अशा क्वचितच चिडायच्या.

"उशीर कसला? ही गेली म्हणून पुढची येणार नाही का? आपण रडत बसलो होतो तेव्हा हातात काही नव्हतं. पुढच्या वेळी असलं पाहिजे की."

निवृत्त झाल्यावर त्या वळसंगला राहायला गेल्या आणि तिथून जवळच्या एका छोट्या सरकारी दवाखान्याच्या मागं लागल्या. खाटांमधले पडदे त्यांनी आपल्या कापडाचे शिवून दिले. वर्षभर रोजच्या वापरात, रोजच्या धुण्यात ते कसे टिकतात हे त्यांना बघायचं होतं. वर्ष पूर्ण व्हायच्या आत, गेल्या उन्हाळ्यात, त्यांच्या हृदयानं दगा दिला. पडद्यांच्या नोंदींची वही त्यांच्या भाचीनं माझ्याकडे पाठवली. उरलेल्या महिन्यांच्या नोंदी मी करतो आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या तीन आठवडे आधी. मला कायमची नोकरी लागली होती, पेढे घेऊन मी दवाखान्यात गेलो. मागच्या अंगणात मॅडम आणि धुणं धुणारी निलव्वा ओले पडदे दोरीवर टाकत होत्या. मॅडमनी पेढा खाल्ला, दुसरा निलव्वाच्या तोंडात घातला, कारण तिचे हात ओले होते. माझ्या नव्या कॉलेजात प्रयोगशाळा कशी आहे, पाणी किती वेळ येतं, हे विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "जा आता, ऊन वाढतंय," आणि पुन्हा पडद्यांकडे वळल्या.

गाडीपाशी पोचून मी मागं बघितलं. सगळी दोरी भरली होती. हिरव्या पडद्यांच्या खाली चार पावलं दिसत होती, दोन निलव्वाची, दोन मॅडमची, आणि मागून दोघींचं कन्नडमधलं हसणं ऐकू येत होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "येतो, मॅडम!"

पडद्याच्या वर एक ओला हात आला, दोनदा हलला आणि दोरीवरची घडी सारखी करायला लागला.